दुर्बीण उडायच्या आधी

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आधी एक दुरुस्ती करते. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'अवकाश शास्त्रज्ञ' असं छापलंय. छापणाऱ्याचं प्रेम मी समजू शकते, पण मी शास्त्रज्ञ नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मोटारीचा ब्रेक सांभाळणारं जे सॉफ्टवेअर असतं, ते रस्त्यावर जायच्या लायकीचं झालं की नाही हे तपासायचं, हे माझं गेल्या अठरा वर्षांचं काम. अवकाश दुर्बिणी हा छंद. रात्री घरची कामं आटोपली की त्यांचे अहवाल वाचत बसते. नवरा म्हणतो, लोक मालिका बघतात, तू मिनिट्स ऑफ मीटिंग वाचतेस.

पण ते वाचताना मला दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे, दुर्बीण आखणारी माणसं ज्या प्रश्नाशी झुंजतात तोच माझा रोजचा प्रश्न आहे: 'तयार आहे' असं कधी म्हणायचं? आणि दुसरी म्हणजे, या दुर्बिणींचं आयुष्य आणि आपल्या तुकडीचं आयुष्य गमतीशीर रीतीने शेजारून चाललंय.

आपण पाचवीला या शाळेत पहिल्यांदा बसलो तो १९९० चा जून. हबल दुर्बीण त्याच वर्षी २४ एप्रिलला अवकाशात गेली होती. आपण नव्या वह्यांना खाकी कव्हरं घालत होतो त्याच महिन्याच्या अखेरीस नासाला जाहीर करावं लागलं, की तिचा आरसा सदोष आहे. २.४ मीटर व्यासाचा तो आरसा कडेला २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता. म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पन्नासाव्या भागाने. तेवढ्यानं तारे धूसर दिसायला लागले.

घासणाऱ्यांचा हात चुकलेला नव्हता, बरं का. आरशाचा आकार तपासायचं जे उपकरण होतं, त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकून बसलं होतं. मापणारंच वाकडं, त्यामुळे आरसा अतिशय अचूकपणे चुकीच्या आकाराचा झाला. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी हा फरक दाखवलाही होता. पण ती कमी अचूक समजली जात, म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. माझ्याकडे नवीन मुलंमुली कामाला लागतात तेव्हा पहिल्या आठवड्यात मी ही गोष्ट सांगते. दोन मापं जुळत नसतील तर महागड्या यंत्राचं खरं धरून पुढे जायचं नाही, जुळत का नाहीत ते शोधायचं.

हबल तेव्हा जमिनीपासून साधारण ६०० किलोमीटरवर होती, म्हणून निभावलं. डिसेंबर १९९३ मध्ये, आपण आठवीत असताना, अंतराळवीर वर गेले आणि तिला चष्मा लावून आले. पुढे २००९ पर्यंत आणखी चार वेळा जाऊन दुरुस्त्या केल्या.

आता १९९६. आपण मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा दिली. त्याच वर्षी ॲलन ड्रेसलर यांच्या समितीचा अहवाल आला: हबलनंतर किमान ४ मीटर आरशाची, अवरक्त प्रकाश बघणारी दुर्बीण बांधा. नासाचे तेव्हाचे प्रमुख डॅन गोल्डिन म्हणाले, एवढी छोटी का मागता, सहा-सात मीटरची मागा! सुरुवातीचे अंदाज होते: खर्च एक अब्ज डॉलरच्या आसपास आणि उड्डाण २००७ मध्ये. तीच पुढे जेम्स वेब झाली. ती उडाली २५ डिसेंबर २०२१ ला, आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजत आले होते तेव्हा. खर्च सुमारे दहा अब्ज डॉलर. मधल्या काळात आपल्या नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, पोरं झाली, काहींचे चष्मे बदलले, काहींचे केस गेले. (मागच्या बाकावरून हसू नका, तुमचेच गेलेत.)

एवढा उशीर का झाला? कारण १९९६ मध्ये ती दुर्बीण बांधायला लागणाऱ्या कित्येक वस्तू जगात कुठेच नव्हत्या. साडेसहा मीटरचा आरसा रॉकेटच्या टोपणात मावत नाही, म्हणून त्याचे १८ षटकोनी तुकडे करायचे, घडी घालायची आणि वर गेल्यावर उलगडायचे. दुर्बीण उणे २२० अंशांच्याही खाली थंड राहायला हवी, म्हणून टेनिसच्या मैदानाएवढी पाच पदरी छत्री. तिचा बाहेरचा पदर ०.०५ मिलिमीटर जाडीचा आणि बाकीचे त्याच्या निम्मे. शिवाय एकाच वेळी शंभरेक आकाशगंगांचा प्रकाश वेगळा करून तपासायचा, तर त्यासाठी जवळपास अडीच लाख इवल्याशा झडपा. एकेक झडप केसाएवढी रुंद, आणि प्रत्येक स्वतंत्रपणे उघडमिट करणारी. हे दुकानात मिळत नाही. आधी शोधायचं, मग बांधायचं.

यासाठी नासाची एक शिडी आहे, नऊ पायऱ्यांची. १९७० च्या दशकात तिथल्या स्टॅन सेडिन यांनी ती मांडली, तेव्हा सात पायऱ्या होत्या. पहिली पायरी म्हणजे नुसतं तत्त्व कळलंय. तिसरी म्हणजे प्रयोगशाळेत टेबलावर चालून दाखवलं. सहावी म्हणजे खऱ्या वस्तूच्या जवळ जाणारा नमुना, खऱ्यासारख्या थंडीत, निर्वातात, धक्क्यांत चालला. नववी म्हणजे प्रत्यक्ष उडून काम केलं. वेबच्या दहा नव्या तंत्रांची २००७ मध्ये प्रकल्पाबाहेरच्या लोकांकडून तपासणी झाली, ती सहाव्या पायरीवर आलीत की नाही यासाठी. बाहेरच्या लोकांकडून, हे महत्त्वाचं. ज्याने केलंय त्याला विचारलं तर ते नेहमी नव्वद टक्के झालेलंच असतं. आमच्या क्षेत्रात तर उरलेल्या दहा टक्क्यांना पुन्हा तेवढाच वेळ लागतो.

आणि सहावी पायरी गाठली म्हणजे संपलं असंही नाही. २०१८ मध्ये रॉकेटच्या गडगडाटाएवढा आवाज करून चाचणी घेतली, तर छत्रीच्या आवरणाचे स्क्रू आणि वॉशर निखळून पडले. साधे स्क्रू! पेपरांत टिंगल झाली. मला मात्र वाटलं, चाचणीनं आपलं काम केलं. ते स्क्रू जमिनीवर पडले, म्हणून वेचता आले. वेब पंधरा लाख किलोमीटरवर जाणार होती, तिथे स्क्रूड्रायव्हर घेऊन कोण जाणार? एक गोष्ट अडकली की मोहीम संपली, अशा वेबवर ३४४ जागा होत्या. एकही अडकली नाही.

माझ्या धंद्याची एक गंमत सांगते, मग पुढे जाते. वेबवरची निरीक्षणं कशी चालतात? जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टवर. हो, तुम्ही मोबाइलवर बँकेचं पान उघडता तेव्हा जी भाषा चालते, तीच. फक्त तिचं रूप जुनं आहे, आणि ज्या कंपनीचं ते उत्पादन होतं ती कंपनीही आता राहिली नाही. माझ्या टीममधली मुलं हे ऐकून हसतात. पण कारण चोख आहे. जमिनीवरच्या माणसाला वाचून कळेल अशा अक्षरांत दुर्बिणीला कामाची यादी पाठवता येते. एखादा मार्गदर्शक तारा सापडला नाही, तर ती तिथे अडून बसत नाही, पुढच्या कामाला लागते. निवड झाली तेव्हाची ती चालू भाषा होती, उडेपर्यंत पुरातन झाली. पंचवीस वर्षांचा प्रकल्प म्हटला की तुमचा प्रत्येक निर्णय जुना होणारच. तेव्हा असं लिहायचं, की आपण निवृत्त झाल्यावर दुसऱ्या कुणाला ते उघडून कळलं पाहिजे.

आता पुढच्या दुर्बिणीकडे येते, कारण माझा खरा विषय तीच आहे.

सर, तुम्हाला २४ ऑक्टोबर १९९५ आठवतो का? दिवाळीची सुट्टी होती, आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालेलं. तरी तुम्ही आम्हाला सकाळी शाळेच्या मैदानावर बोलावलंत. पत्र्याच्या डब्याला भोक पाडून भिंतीवर सूर्य पाडलात, आणि तो चवथीच्या चंद्रासारखा झाला. आपल्याकडे ग्रहण खंडग्रास होतं. खग्रास पट्टा उत्तरेला राजस्थानकडून गेला, तो दूरदर्शनवर थेट दाखवला. चंद्रानं सूर्य पूर्ण झाकला आणि भोवतीचं तेजोवलय एकदम दिसलं. ते तेज कायम तिथेच असतं, सूर्याच्या झगमगाटात आपल्याला दिसत नाही, एवढंच.

हे ग्रहण दुर्बिणीच्या आत घडवायचं, ही युक्ती फ्रान्सच्या बर्नार ल्यो यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला केली. त्या उपकरणाला करोनाग्राफ म्हणतात. आपल्या आदित्य एल-१ वर असाच करोनाग्राफ आहे, बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं बांधलेला. त्याच यानावरची सूर्याची अतिनील चित्रं काढणारी दुर्बीण तर पुण्याच्या आयुकानं केली. म्हणजे इथून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर.

नासाच्या पुढच्या मोठ्या दुर्बिणीचं नाव हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी. मराठीत 'राहण्याजोग्या जगांची वेधशाळा' म्हणू. तिला ग्रहण घडवायचंय दुसऱ्या सूर्याचं. दूरचा तारा झाकायचा आणि त्याच्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह आहे का ते बघायचं. असला तर त्याचा प्रकाश फोडून त्यात प्राणवायू, पाण्याची वाफ, मिथेन सापडतात का ते तपासायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांचा दहा वर्षांचा आराखडा आला. त्यात साधारण ६ मीटरच्या आरशाची, असे पंचवीसेक ग्रह तपासू शकेल अशी दुर्बीण सुचवली. अंदाजे खर्च ११ अब्ज डॉलर, उड्डाण २०४० च्या दशकात.

अडचण केवढी आहे ते ऐका. दृश्य प्रकाशात आपला सूर्य पृथ्वीपेक्षा साधारण एक हजार कोटी पटींनी तेजस्वी आहे. दुसऱ्या ताऱ्यावरून कुणी पाहिलं, तर एवढ्या प्रखर दिव्याला अगदी चिकटून एवढा फिका ठिपका. ताऱ्याचा प्रकाश नुसता झाकून भागत नाही. आरशावरच्या अगदी क्षुल्लक उंचवट्यांमुळेही तो इकडेतिकडे सांडतो आणि कॅमेऱ्यात ठिपके उमटतात, हुबेहूब ग्रहासारखे. मग एक लवचीक आरसा ठेवायचा, त्याच्या मागे हजारो बारीक दट्ट्या. कॅमेरा चित्र काढतो, सॉफ्टवेअर हिशेब करतं, दट्ट्या केसाच्या कितीतरी सूक्ष्म भागाएवढ्या हलतात, पुन्हा चित्र, पुन्हा हिशेब. असं करत करत चित्राचा एक कोपरा काळाकुट्ट करायचा. ग्रह असला तर तिथे दिसेल.

आणि हे चालू असताना दुर्बीण हलता कामा नये. किती? पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. हायड्रोजनचा अणू शंभरेक पिकोमीटर रुंद असतो. आरशाचे तुकडे एकमेकांच्या संदर्भात दहा पिकोमीटरच्या घरात स्थिर ठेवायचेत, म्हणजे अणूच्या दहाव्या भागाएवढे, तासन्‌तास. त्यासाठी आरशाचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागात सांभाळायचं. मी ब्रेकमध्ये मिलिसेकंद मोजते आणि स्वतःला बारकाईची समजते! हे वाचल्यापासून तो ताठा जरा उतरलाय.

या शिडीवर आज आपण कुठे आहोत? कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत निर्वात टाकीतल्या छोट्या मांडणीवर ताऱ्याचा प्रकाश हजार कोटीला चार इतका खाली आणून दाखवलाय. अख्ख्या, तुकड्यातुकड्यांच्या मोठ्या आरशासह ते व्हायचंय. मधली पायरी म्हणजे नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बीण. तिची जोडणी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाली आणि मे २०२७ पर्यंत ती उडवायचं नासाचं वचन आहे. तिच्यावर लवचीक आरशांचा एक करोनाग्राफ आहे, आणि तो मुद्दाम 'प्रात्यक्षिक' म्हणून ठेवलाय. पहिल्या दीड वर्षात त्याला नव्वदेक दिवस मिळतील. त्यानं पृथ्वीसारखा ग्रह दाखवायचा नाहीये. हे यंत्र अवकाशात चालतं का, आणि जमिनीवर केलेले हिशेब तिथे जुळतात का, एवढंच दाखवायचंय.

ते जुळणं फार मोलाचं आहे. कारण पुढची दुर्बीण जमिनीवर पूर्णपणे तपासताच येणार नाही. इथे गुरुत्वाकर्षण आहे, पंखे आहेत, रस्त्यानं ट्रक जातात. अणूच्या दहाव्या भागाची स्थिरता तपासायला एवढ्या मोठ्या यंत्रासाठी शांत जागा कुठून आणणार? तेव्हा तुकडे तपासायचे, आणि अख्खी दुर्बीण कॉम्प्युटरमधल्या मॉडेलवर. मग त्या मॉडेलवर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न येतो. इथे पुन्हा १९९० चं ते १.३ मिलिमीटर सरकलेलं भिंग आठवतं. मापणारंच वाकडं नाही कशावरून?

म्हणून मला तो २०२१ चा आराखडा आवडतो. त्यात म्हटलंय की दुर्बिणीचा अंतिम आराखडा आणि तिची किंमत ठरवायच्या आधी काही वर्षं फक्त तंत्रं पिकवण्यावर खर्च करा. आधी पिकवा, मग वचन द्या. वेबच्या वेळी बरंचसं उलटं झालं: तारीख आधी जाहीर झाली, आणि अवघड गोष्टी नंतर एकेक करून कळल्या. २०११ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीनं ती दुर्बीण रद्दच करायचा प्रस्ताव ठेवला होता, पण ती वाचली. शिवाय नव्या दुर्बिणीला वर जाऊन यंत्रमानवानं दुरुस्त करता यावं, अशीही आखणी करायची आहे. म्हणजे पंधरा लाख किलोमीटरवर कोण येईल, कोणती अवजारं घेऊन येईल, हे माहीत नसताना त्याच्यासाठी दारं आणि बिजागऱ्या आज ठेवायच्या.

आपल्या ग्रुपवर एकानं विचारलं होतं, एवढ्या पैशात किती शाळा झाल्या असत्या? टोमणा नव्हता तो. त्याची मुलगी ज्या शाळेत जाते तिथे प्रयोगशाळेला कुलूप असतं. मी त्याला 'अवकाश संशोधनातून अमुक वस्तू मिळाली' अशी यादी देणार नाही, कारण त्या वस्तूंसाठी कुणी दुर्बीण बांधत नाही. ते पैसे अमेरिकेचे आहेत आणि पंचवीस वर्षांत वाटलेले आहेत, हेही अर्धंच उत्तर. माझं मत असं, की दुसरीकडे कुठे जीव आहे का हा प्रश्न माणसानं विचारण्यासारखा आहे, आणि कुलूपबंद प्रयोगशाळा हा वेगळा गुन्हा आहे. एकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचं नाही.

ज्यांच्या नावानं ती रोमन दुर्बीण आहे, त्या नॅन्सी ग्रेस रोमन या नासाच्या पहिल्या खगोलशास्त्र प्रमुख. हबलची पायाभरणी त्यांनी केली. त्या शाळेत असताना लॅटिनऐवजी गणिताचा जास्तीचा विषय मागायला गेल्या, तेव्हा समुपदेशक बाईंनी नाक मुरडलं: मुलगी असून गणित? हे वाचलं तेव्हा मला आपल्या वर्गातली एक जण आठवली. ती आज इथे बसली आहे, आणि तिची परवानगी घेऊनच बोलते. भूमितीत ती माझ्या नेहमी पुढे असायची. मी पाठ करायचे, ती बघून सांगायची. दहावीनंतर घरच्यांनी शिक्षण थांबवलं. आपल्या गणिताच्या बाई तिच्या घरी दोनदा जाऊन आल्या होत्या, हे मला परवा कळलं. आज ती दूध संस्थेचे हिशेब बघते आणि तिचा ताळेबंद एका रुपयानं चुकत नाही. मी जेव्हा जेव्हा 'प्रतिभावान माणसं मिळत नाहीत' असं ऑफिसात ऐकते, तेव्हा मला हीच दिसते.

२०४५ साली आपण पासष्टीत असू. ती दुर्बीण तेव्हा चालवणारी माणसं आज पाचवी-सहावीत आहेत. म्हणून आपल्या तुकडीनं जमवलेल्या निधीबद्दल बोलते, अध्यक्षांची क्षमा मागून. प्रवेशद्वाराला कमान बांधायची असं जवळजवळ ठरलंय, त्यावर आपली नावं येणार आहेत. माझा विरोध आहे. तयार दुर्बीण घेऊन द्यावी असंही मी म्हणत नाही. ती कपाटात जाते, किल्ली हरवते, हे आपण आपल्या सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत पाहिलंय. त्याऐवजी मुलांनी स्वतः आरसा घासावा. सहा इंची काच, दुसरी काच, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी. काही आठवडे हात दुखतात. मग फूकोची चाचणी: एक बारीक दिवा आणि एक दाढीचं ब्लेड. ब्लेड सरकवलं की आरशावर सावल्या पडतात, आणि प्रकाशाच्या एका लहरीपेक्षाही कमी उंचीचा दोष नुसत्या डोळ्यांनी दिसतो. चूक कुठे आहे ते बघायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा ब्लेड. दोन मुलांची मापं जुळली नाहीत तर का जुळत नाहीत ते शोधायचं.

मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. प्रयोगशाळेच्या मागची खोली शनिवारी दुपारी मिळू शकते. मी महिन्यातून एकदा पुण्याहून यायला तयार आहे, पण दर शनिवारी थांबणारं कुणीतरी इथलं हवं. जिच्याबद्दल मघाशी बोलले, तिला मी विचारलंय. ती म्हणाली, ब्लेडचं मला दाखव, मग सांगते. जेवणानंतर बाजूच्या वर्गात मांडून ठेवलंय. खजिनदारांनीही यावं.